खुशीचे पैसे आणि मानधन

मुंबईतलं एखादं केंद्रीय कार्यालय घ्या. दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याची बढतीनंतरची वेतननिश्चिती अडकलीय. विकल्पाच्या अर्जावरची (नवं वेतन कोणत्या तारखेपासून धरायचं, ते कर्मचारी ज्यात निवडतो) तारीख आणि सेवापुस्तकातली नोंद जुळत नाही, म्हणून लेखा कार्यालयाने आक्षेप घेऊन कागद परत पाठवलेत. नियम कोळून प्यायलेला कुणीतरी ऑफिस सुटल्यावर बसून ते निस्तरून देतो. थकबाकी जमा झाली की सहकारी पाकीट पुढे करतो, "खुशीने देतोय हो, मानधन समजा." घ्यायचं का?

समजून मानधन होत नाही. केंद्र सरकारी नोकरांच्या वेतन-सेवेच्या 'मूलभूत नियमां'प्रमाणे (Fundamental Rules) मानधन संचित निधीतून, म्हणजे सरकारी तिजोरीतून येतं. काम अधूनमधून उद्भवणारं हवं, शिवाय फार कष्टाचं किंवा खास कौशल्याचं. सक्षम अधिकाऱ्याची संमती आणि रक्कम एरवी कामाआधीच ठरते, कारणं लेखी नोंदवली जातात. मतदान केंद्रावरच्या ड्यूटीचे पैसे आपण बिनघोर घेतो, ते या जातीचे. मार्चअखेर आपल्याच टेबलावर वाढलेल्या कामाला मात्र मानधन मिळत नाही. सरकारच्या लेखी आपला पूर्ण वेळ त्याचाच असतो.

सहकाऱ्याच्या खिशातून आलेला पैसा फार तर 'शुल्क' ठरेल. तेही परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि परवानगी मिळालीच तर ठरावीक रकमेच्या वरच्या भागातला एक तृतीयांश सरकारजमा करावा लागतो. पाकिटातला तिसरा हिस्सा चलनाने भरणारा माणूस मला अजून भेटायचाय.

इथवर मामला विभागीय चौकशीचा. पण तेच प्रकरण मंजुरीसाठी आपल्याच टेबलावरून जाणार असेल, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7 लागतं. 2018 च्या दुरुस्तीनंतर त्यात किमान 3 आणि कमाल 7 वर्षं कैद आहे. काम अगदी नियमाने केलं होतं, ही सबब चालत नाही. 'मी मागितले नव्हते' हीसुद्धा नाही: न मागता पुढे केलेली लाच स्वीकारली तरी गुन्हा होतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलंय. खुशी देणाऱ्याची असते, नोकरी घेणाऱ्याची जाते.

(खासगी कंपनीत नियुक्तीपत्रातल्या अटी बघायच्या आणि साहेबांना मेल टाकून विचारायचं. तिथे प्रश्न एवढाच.)

अशी मदत वरचेवर मागितली जात असेल, तर मदत मागणाऱ्या विभागाच्या प्रमुखाने मदत करणाऱ्याच्या विभागप्रमुखाला पत्र लिहावं. कार्यालयीन आदेश निघेल, मानधनाचा प्रस्तावही त्यातूनच जाईल. मंजूर होईलच असं नाही. वित्त शाखा 'हे नेहमीचंच काम' असा शेरा मारण्यात पटाईत असते.

आणि सहकाऱ्याला अगदीच राहवत नसेल, तर त्याने मिसळ खाऊ घालावी. केंद्राच्या वर्तणूक नियमांत प्रासंगिक जेवण भेट म्हणून धरत नाहीत. फक्त त्याची फाईल आपल्याकडे पडलेली असताना तेही नको.