छाती नुकतीच शिवलेली असताना कोड ब्लू: एसीएलएस आणि कॅल्स

कोड ब्लू म्हणजे हृदय थांबल्याची हाक. तेव्हा वापरायच्या दोन पद्धती, एसीएलएस (ॲडव्हान्स्ड कार्डिॲक लाइफ सपोर्ट) आणि कॅल्स (कार्डिॲक सर्जरी ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट), ही नावं कानाला जुळी वाटतात. त्यामुळेच कार्डिॲक सर्जरीच्या आयसीयूत एसीएलएसचे पाठ झालेले हात आपोआप पुढे सरकतात आणि नको ते करून बसतात. एसीएलएस हृदय थांबलेल्या सर्वसाधारण मोठ्या पेशंटसाठी आहे. कॅल्स फक्त ओपन हार्टनंतर पहिल्या दहाएक दिवसांतल्या पेशंटसाठी. युरोपातल्या हृदय-छाती सर्जनांच्या संघटनेने 2009 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं काढली, अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सने 2017 मध्ये.

उपचारांचा क्रम बदलतो कारण ओपन हार्टनंतर अरेस्टची (हृदय थांबण्याची) कारणं मोजकी आणि बहुतेक वेळा दुरुस्त होणारी असतात: व्हीएफ (हृदयाची नुसती थरथर), टॅम्पोनाड (साचलेल्या रक्ताने हृदय दाबलं जाणं), रक्तस्राव, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती कोंडलेली हवा), पेसिंग (विजेने ठोके चालवणं) निकामी होणं. शॉक देणारा डिफिब्रिलेटर शेजारीच असतो, धमनीतला बीपी सतत दाखवणारी आर्टेरिअल लाइन लावलेली असते, हृदयावर पेसिंग वायर्स असतात.

एसीएलएसमध्ये व्हीएफ दिसला की एक शॉक आणि लगेच 2 मिनिटं छातीदाब. कॅल्समध्ये एका मिनिटाच्या आत देता येत असतील तर आधी लागोपाठ 3 शॉक, मग दाब. असिस्टोल (ठोके पूर्ण बंद) किंवा अगदी मंद ठोके असतील तर त्याच एका मिनिटात पेसर डीडीडी मोडवर (हृदयाचे वरचे-खालचे दोन्ही कप्पे पेस करणारा), 80 ते 100 रेटला, आउटपुट पूर्ण वर. शॉक किंवा पेसिंग तेवढ्यात जमणार नसेल तर मात्र वाट न पाहता दाब सुरू करायचा. ताज्या टाक्यांवर आणि तारांनी बांधलेल्या उरोस्थीवर दाब दिल्याने ग्राफ्ट (बायपाससाठी जोडलेली रक्तवाहिनी) किंवा उजवा व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) फाटू शकतो, म्हणून ही एका मिनिटाची सूट. तिचा अर्थ ‘दाब नकोच’ असा कुणी घेऊ नये.

एक फसवं दृश्य: मॉनिटरवर पेसिंगचे स्पाइक ओळीने चाललेत आणि खाली आर्टेरिअल ट्रेस सपाट. पीईए (विजेचे संकेत आहेत, पण नाडी नाही) समजून सगळे दाब द्यायला लागतात. पेसर क्षणभर बंद केला की स्पाइकमागे लपलेला व्हीएफ उघडा पडतो, आणि त्याला हवा असतो शॉक.

सर्वात महाग पडणारी सवय ॲड्रिनलिनची. एसीएलएसमध्ये दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम. कॅल्समध्ये तो डोस नेहमीसारखा द्यायचा नाही. हृदय परत चालू झालं की त्या 1 मिलिग्रॅमने बीपी एकदम उसळतो आणि महाधमनीचे टाके उसवतात. अनुभवी डॉक्टरने सांगितलंच तर छोटे डोस, 100 मायक्रोग्रॅम किंवा कमी. ॲट्रोपिनही नाही. तीन शॉक वाया गेले तर ॲमिओडॅरोन 300 मिलिग्रॅम सेंट्रल लाइनमधून. चालू इन्फ्यूजन पंप थांबवायचे, व्हेंटिलेटरवरून काढून 100 टक्के ऑक्सिजनवर बॅगिंग करायचं, दोन्ही बाजूंना हवा जाते का ते ऐकायचं.

दाब नीट पडतोय का, हे आर्टेरिअल लाइनच सांगते: सिस्टोलिक 60 च्या वर हवा. दाब चांगला देऊनही तो चढत नसेल तर हृदय बहुधा रिकामं आहे किंवा गोठलेल्या रक्तात दबलंय. छातीतला ड्रेन अचानक थांबला असेल तर तो चांगला संकेत समजू नका. नळीत गुठळी अडकली असेल.

इथेच दोन्ही पूर्णपणे वेगळ्या होतात. शॉक आणि पेसिंग फसलं की कॅल्समध्ये अरेस्टपासून 5 मिनिटांच्या आत छाती पुन्हा उघडायची. करवत लागत नाही. छोट्या सेटमध्ये ड्रेप, स्काल्पेल, वायर कटर, जाड नीडल होल्डर आणि एकसंध रिट्रॅक्टर, सोबत सक्शन. हात घासायला वेळ घालवायचा नाही. गाऊन, ग्लोव्ह्ज आणि काम सुरू. तारांपर्यंत चीर, तारा कापून खेचून काढायच्या, गुठळी बाहेर, रिट्रॅक्टर आत. हात हृदयामागे सरकवण्याआधी डाव्या बाजूचा मॅमरी ग्राफ्ट (छातीतल्या धमनीचा बायपास) कुठून जातो ते पाहायचं. तो फाटला तर वाचवलेलं हृदय पुन्हा उपाशी. मग दोन्ही हातांनी मसाज. आतल्या पॅडल्सना 20 जूल पुरतात. बाहेरून 150 ते 200 लागतात.

पेशंट वॉर्डात गेला, पेसिंग वायर्स आणि आर्टेरिअल लाइन निघाली की बरंचसं पुन्हा एसीएलएससारखंच चालतं. तरी दहा दिवसांच्या आतला असेल तर कोड ब्लू देतानाच सर्जनलाही बोलवायचं आणि रिस्टर्नोटॉमी सेट (छाती पुन्हा उघडायचा तोच छोटा सेट) मागवायचा. तो सेट कुठे ठेवलाय, हे रात्रीच्या सिस्टरला माहीत नसेल तर 5 मिनिटं शोधण्यातच जातात.