करडईतलं गळलेलं एक अक्षर

करडईच्या तेलाचा कॅन महिनाभर ओट्याच्या कोपऱ्यात राहिला, की तोंडाशी ओघळलेलं तेल चिकट होऊन बसतं; घासणी लावली तरी निघत नाही. रंग-व्हार्निशवाल्यांना हाच गुण हवा असतो. यामागे आहे लिनोलिक आम्ल, तेलातलं एक मेदाम्ल. नेहमीच्या करडई तेलात ते सुमारे ७५ टक्के असतं. त्याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजनला तिथे लवकर शिरकाव मिळतो. ओलिक हे दुसरं मेदाम्ल; त्यात असा बंध एकच, म्हणून ओलिकवालं तेल तळणीत जास्त टिकतं.

गंमत अशी, की बीमध्ये आधी ओलिकच तयार होतं. मग फॅड-२ नावाचं विकर (एन्झाइम) त्यातले दोन हायड्रोजन काढून दुसरा बंध घडवतं. हे विकर बंद पडलं, की ओलिक साठत जातं.

असं झाड मुद्दाम घडवावं लागलं नाही. १९६०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिस इथे संशोधक पॉल्डन नोल्स करडईचं तेल आयोडीन किती शोषतं हे तपासत होते. बंध कमी, तर आयोडीन कमी. भारतातून गेलेल्या बियाण्यात अशी झाडं सापडली आणि १९६६ साली ‘यूसी-१’ वाण आला. बी आपलंच होतं, पारख तिकडे झाली.

पुढे कळलं, की या झाडांच्या फॅड-२ घडवणाऱ्या जनुकातलं एक अक्षर गळलंय. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. ‘कमळ सरळ उगव’मधला ‘म’ काढा: ‘कळस रळउ गव’. पहिला शब्द कसाबसा तरला, पुढे सगळा गोंधळ. हे जनुक मुख्यतः बीमध्येच काम करतं. पानांसाठी त्याची भावंडं आहेत, म्हणून झाडाचं फारसं बिघडत नाही.

हा गुण अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. संकराच्या पुढच्या पिढीत एकाच बोंडातल्या चार बियांमागे सरासरी एकच ओलिकवाली निघते, आणि दिसायला सगळ्या सारख्याच. मग बियांच्या दलाचा कपचा काढून तपासायचा आणि अंकुराकडचा भाग पेरायचा.

हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने ‘आयएसएफ-१’ हा असा वाण दिला आहे. लिनोलिक वाईट, असं मात्र कुणी समजू नये. शरीराला ते लागतंच. खरी अडचण आडतीवर आहे. दोन्ही करडया एका ढिगात ओतल्या, की वेगळ्या करणार कोण?