वैद्यचरित्रे, वादग्रस्त : साधनचिकित्सा (सोलापूर)

ज्या डॉक्टरांच्या कार्याविषयी, निष्ठेविषयी किंवा मृत्यूविषयी परस्परविरोधी मते रूढ आहेत, त्यांच्या चरित्रांना आधारभूत असलेल्या साधनांची पारख. सोलापुरापुरता हा प्रश्न मुख्यतः डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०–९ डिसेंबर १९४२) यांच्या चरित्रांत उभा राहतो. कोटणीस स्वतः वादग्रस्त नव्हते. वाद आहे तो त्यांच्यावर कोणी कसा हक्क सांगितला याचा.

जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये अटल, चोळकर, बसू, मुखर्जी व कोटणीस या पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. कोटणीस परतले नाहीत. मायदेशी आलेल्या डॉ. बसूंच्या कथनावर मुख्यतः विसंबून ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट निघाला. पुढची बरीचशी मराठी लेखने, शाळकरी निबंध धरून, या दोहोंपैकी एकावर तरी उभी आहेत. पुस्तक आणि चित्रपट ही दोन साधने भासली तरी साक्षीदार एकच आहे. आणि कोटणीसांच्या अखेरच्या काळात तोही जवळ नव्हता, तो येनानला (चिनी कम्युनिस्टांच्या तेव्हाच्या मुख्य केंद्रात) होता. पत्नी कुओ छिंगलान यांच्या आठवणी प्रत्यक्षदर्शी आहेत, पण त्या ग्रंथरूप झाल्या काही दशकांनी. प्रस्तुत नोंदीत घरगुती व रुग्णालयीन तपशिलांसाठी त्यांना, तर १९४० पर्यंतच्या प्रवासासाठी बसूंना झुकते माप दिले आहे.

मृत्यूचे कारण हा मतभेदाचा मुख्य मुद्दा. चित्रपटाने प्लेगशी झुंजीला कळसाचे स्थान दिल्याने ‘कोटणीस प्लेगने गेले’ ही समजूत अजून ऐकू येते. चिनी व कौटुंबिक साधने मात्र अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, एकामागून एक आलेले झटके हे कारण देतात व तेच ग्राह्य मानावे. ‘अतिश्रमाने मृत्यू’ हे वाक्य मध्येच कुठेतरी उभे आहे. जागरणाने अपस्माराच्या रुग्णाचे झटके वाढतात, हे वैद्यकाला मान्य आहे; झटके थांबलेच नाहीत तर त्यातून मृत्यू ओढवतो, हेही. परंतु झटक्याला निमित्त झालेली गोष्ट आणि मूळ आजार एक नव्हेत. गौरवपर लेखनात निमित्तालाच कारण केलेले दिसते, कारण आजाराने जाण्यापेक्षा कामाने जाणे चरित्राला अधिक शोभते. ‘सलग ७२ तास शस्त्रक्रिया’, ‘८०० जखमी’ हे आकडेही असेच फिरतात. ‘उपचार’ आणि ‘शस्त्रक्रिया’ हे शब्द त्यांत सर्रास अदलाबदल होतात. मलमपट्टी कुठे संपते आणि चाकू कुठे लागतो, हे वाचकाला कळत नाही.

नावाची गोष्ट लहान पण बोलकी आहे. ‘ख तिहुआ’ या चिनी नावातील ‘हुआ’ म्हणजे चीन. हे कोटणीसांच्या चीनप्रेमाचे खास चिन्ह म्हणून सांगितले जाते. वास्तविक पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना हेच अक्षर जोडलेले होते.

चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व कोटणीसांनी जुलै १९४२ मध्ये घेतले, असे चिनी साधने सांगतात. जुन्या भारतीय चरित्रांत यावर फारसा भर नाही. ती त्यांना काँग्रेसचे दूत म्हणूनच रंगवतात. दोन्ही पक्षांना सोयीचे तेवढेच उचलण्याचा मोह झाला, एवढे नक्की. माओंनी कोटणीसांना वाहिलेली श्रद्धांजली हे राजकीय साधन आहे. तिच्यावरून मान किती होता ते ठरते, वैद्यकीय कर्तृत्व नव्हे.

याच्या उलट टोकाचे, गौरवाऐवजी ठपका वाट्याला आल्याचे उदाहरण म्हणजे प्लेगची लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन. (यांना सर्रास डॉक्टर म्हटले जाते, शिक्षण प्राणिशास्त्राचे होते.) १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सरकारी चौकशीत ठपका लसनिर्मितीवर आला. पुढे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी पुरावा पुन्हा तपासून दोष बाटली उघडताना झाल्याचे दाखवले व १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पहिल्या अहवालावर थांबणारे चरित्र आणि दुसऱ्या निष्कर्षापर्यंत जाणारे चरित्र, दोन्ही ‘सरकारी कागदावर’ आधारलेली म्हणवून घेतात.

सोलापूरच्या राजकारणात वावरलेल्या इतर डॉक्टरांविषयी साधने विरळ आहेत. १९३० च्या लष्करी कायद्याच्या काळातील सरकारी कागदपत्रे पुढाऱ्यांना दंगलखोर म्हणतात, नंतरच्या स्मरणिका त्यांनाच देशभक्त. त्यांच्या दवाखान्याबद्दल दोन्हीकडे सहसा अवाक्षर नसते. कोटणीसांच्या सोलापुरातील बालपणाचीही हीच गत आहे. त्यांचे घर आता महापालिकेचे स्मारक आहे. तेथील मांडणीत चीनमधील चार वर्षांच्या कामाला मोठी जागा आहे, शाळकरी वयाला थोडीच.