वळणाआधी वळते ती मान

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरात मॅलरी पार्क नावाचा एक छोटा, जुना रेस ट्रॅक आहे. ससेक्स विद्यापीठातले मायकेल लँड आणि बेंजामिन टॅटलर हे दोघे माणसाच्या नजरेचा अभ्यास करत. या ट्रॅकवर वेगात गाडी चालवताना एक व्यावसायिक ड्रायव्हर नेमका कुठे पाहतो, त्याचं डोकं किती वळतं, याची त्यांनी बारकाईने नोंद घेतली. ड्रायव्हर होता टोमास शेक्टर, म्हणजे १९७९ सालचा फॉर्म्युला वन विश्वविजेता जोडी शेक्टर याचा मुलगा. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात डोळ्यांपेक्षा मानच जास्त बोलकी ठरली. शेक्टरचं डोकं किती कोनात वळलंय यावरून, साधारण एका सेकंदानंतर गाडी किती झपाट्याने वळणार ते सांगता येत होतं. गाडी वळायच्या आधी मान वळलेली असायची.

घरी बसून रेसिंगचे गेम खेळणाऱ्यांची नेमकी हीच मान वर्षानुवर्षं जखडलेली होती. २७ इंची मॉनिटर ७० सेंटिमीटरवर ठेवला, तर तो आपल्या नजरेतला जेमतेम ४६ अंशांचा भाग व्यापतो. म्हणजे नाकासमोरच्या रेषेपासून डावीकडे २३ आणि उजवीकडे २३ अंश. ड्रायव्हरला वळणात हवा असतो तो ॲपेक्स, म्हणजे आतल्या कडेचा तो बिंदू, जिथे गाडी कडेला सगळ्यात जवळून घासून जाते. हेअरपिनसारख्या आवळलेल्या वळणात हा बिंदू समोरच्या रेषेपासून पन्नास-साठ अंश बाजूला असू शकतो. मॉनिटरवर तो चौकटीच्या बाहेर पडतो आणि मान वळवली तर दिसते ती खोलीची भिंत. मग खेळाडू ट्रॅक पाठ करतो, अंदाजाने स्टीअरिंग फिरवतो. काही जण खेळातला कॅमेरा जास्त रुंद करून घेतात. त्याने कडा दिसतात, पण अंतरं आणि वेग यांचं माप बिघडतं. ज्यांना परवडतं ते तीन मॉनिटर लावतात आणि तो उपाय खरोखर चांगला आहे.

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवायचा, डोकं वळेल तसं दृश्य बदलणारा पडदा. त्याचं कौतुक बहुतेक वेळा ‘सगळं थ्रीडी दिसतं’ असं केलं जातं. माझ्या मते रेसिंगच्या बाबतीत त्याची खरी देणगी वेगळी आहे. हेडसेट मानेला तिचं काम परत देतो. दाराच्या खांबापलीकडे, बाजूच्या काचेतून, गाडी अजून सरळ जात असतानाच वळणाच्या पोटात पाहता येतं.

शिवाय व्हीआरमधल्या इतर खेळांची एक मोठी अडचण इथे येतच नाही. चालण्या-पळण्याच्या खेळात पात्र धावत असतं आणि आपले पाय मात्र जमिनीला खिळलेले असतात. रेसिंगमध्ये ड्रायव्हरही बसलेला आणि आपणही बसलेले. हाताला खरं स्टीअरिंग लागतं, पायाखाली खरे पेडल असतात आणि डोळ्यांना दिसणारे हात त्याच जागी त्याच स्टीअरिंगवर असतात. एवढं जुळलं की मेंदू फार कुरकुर करत नाही. जुळवून मात्र घ्यावं लागतं. सुरुवातीला सीटवर नीट टेकून बसायचं आणि दृश्य मध्यावर आणणारं बटण दाबायचं. ते दाबताना पाणी प्यायला जरा वाकलेले असाल, तर अख्खी शर्यत शेजारच्या सीटकडे वीतभर सरकून चालवावी लागते.

ऑक्युलस कंपनीने २०१२ साली लोकवर्गणीतून पैसे उभे केले आणि २०१३ साली पहिले प्रायोगिक हेडसेट लोकांच्या हाती आले. ‘आयरेसिंग’ आणि ‘लाइव्ह फॉर स्पीड’ यांसारख्या संगणकावरच्या सिम्युलेटरांनी त्यांना जवळपास लगेच जागा दिली. तेव्हा एका डोळ्याच्या वाट्याला ६४० बाय ८०० पिक्सेल येत. जाळीच्या खिडकीतून पाहावं तसा ट्रॅक दिसे. २०१६ साली ‘डर्ट रॅली’ व्हीआरमध्ये आली, प्लेस्टेशनवर ‘ड्राइव्हक्लब व्हीआर’ आला. ‘ग्रॅन टुरिस्मो’ने २०१७ साली चवीपुरती सोय दिली होती, फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या पिढीचा प्लेस्टेशन हेडसेट बाजारात आला, त्याच दिवशी ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ जवळजवळ संपूर्ण व्हीआरमध्ये खेळता येऊ लागला.

ही सोय देताना यंत्राला एक कडक अट पाळावी लागते. प्रत्यक्षात आपण मान वळवतो तेव्हा कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला फिरण्याची खबर लागते आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलट दिशेला फिरतात. म्हणून डोकं हललं तरी जग जागेवर राहतं. हेडसेटमधलं जगही तसंच जागेवर राहायला हवं. समजा, आरशाकडे झटकन पाहताना डोकं सेकंदाला २०० अंश या वेगाने फिरलं. मान हलल्यापासून नवं चित्र दिसेपर्यंत २० मिलिसेकंद गेले, तर तेवढ्यात डोकं ४ अंश पुढे निघून गेलेलं असतं. चित्र ४ अंश मागे राहिलं की जग रबरासारखं ताणल्याचा भास होतो आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून हा उशीर २० मिलिसेकंदांच्या खाली ठेवायची धडपड असते. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची, तर प्रत्येक चित्र काढायला ११.१ मिलिसेकंद मिळतात, आणि त्यात दोन डोळ्यांसाठी दोन वेगळे देखावे काढायचे. प्लेस्टेशनच्या नव्या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला २००० बाय २०४० पिक्सेल आहेत. दोन्हींची बेरीज सुमारे ८२ लाख. फोर-के टीव्हीवर असतात सुमारे ८३ लाख.

एवढं ओझं पेलायला युक्त्या लागतात. एक युक्ती नजरेच्या स्वभावावर उभी आहे. आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मधला दोनेक अंशांचा ठिपका, बाकी सगळं पुसट. हेडसेटमधले छोटे कॅमेरे बुबुळं पाहत राहतात आणि खेळ फक्त नजर जिथे आहे तिथलं चित्र तपशिलात काढतो. दुसरी युक्ती अशी, की चित्र काढून झाल्यावर, पडद्यावर जायच्या अगदी आधी डोक्याची दिशा पुन्हा मोजायची आणि तयार चित्र तेवढं सरकवून द्यायचं. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ सेकंदाला ६० चित्रं काढतो आणि हेडसेट १२० दाखवतो. मधली चित्रं आधीच्या चित्रावरून बेतलेली असतात. लांबच्या डोंगरांना आणि ढगांना हे पुरतं. पण अगदी शेजारून सुसाट जाणाऱ्या कठड्याची किंवा गाडीची कड दुहेरी, फाटल्यासारखी दिसते, कारण डोकं स्थिर असलं तरी ती वस्तू मधल्या वेळात पुढे गेलेली असते. रेसिंग हा तर शेजारून सुसाट जाणाऱ्या गोष्टींचाच खेळ. त्यामुळे ही युक्ती इथे जितकी उघडी पडते, तितकी क्वचितच कुठे पडत असेल.

तरीही जे मिळतं ते किती मोठं आहे, हे पाहायला कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवरचं ‘कॉर्कस्क्रू’ हे वळण घ्यावं. चढ चढून माथ्यावर यायचं, तिथे डावीकडे, लगेच उजवीकडे, आणि या दोन वळणांमध्ये रस्ता १३७ मीटरांत १८ मीटर खाली कोसळतो. मॉनिटरवर राखाडी पट्टा वरच्या टोकाला संपतो आणि निळं आभाळ सुरू होतं, एवढंच कळतं. हेडसेट घालून चढताना गाडीचं नाक आभाळाकडे रोखलेलं जाणवतं. माथा यायच्या आधीच मान डावीकडे वळवून कडेचे रंगीत दगड शोधावे लागतात. गाडी माथ्यावरून कलंडली की रस्ता पायाखालून निघून जातो, आणि उजव्या वळणाचं तोंड पाहायला हनुवटी अक्षरशः खाली न्यावी लागते. वर्षानुवर्षं हा ट्रॅक मॉनिटरवर घोटलेल्या माणसालाही हा उतार इथे पहिल्यांदा भेटतो.

यामागचं कारण फक्त दोन डोळ्यांची खोली एवढंच नाही. तोच २७ इंची मॉनिटर उभ्या दिशेने नजरेचे केवळ २७ अंश व्यापतो. क्षितिज, बॉनेट आणि पायाजवळचा रस्ता एकत्र दिसल्याशिवाय उतार मोजणार कशाच्या आधाराने? हेडसेटमध्ये हा विस्तार कितीतरी पट मोठा असतो, वस्तू खऱ्या मापाच्या असतात, आणि डोकं दोन-चार सेंटिमीटर हललं तरी जवळच्या वस्तू लांबच्यांपेक्षा जास्त सरकतात. मेंदू खोली वाचतो ती या सगळ्यांतून. दोन डोळ्यांमधलं अंतर सरासरी ६.३ सेंटिमीटर, त्यामुळे मागे-पुढे असलेल्या दोन वस्तूंमुळे दोन चित्रांत पडणारा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. शेजारी चाकाला चाक लावून चाललेली गाडी किती लांब आहे, हे तो अचूक सांगतो. १०० मीटरवरच्या ब्रेकिंगच्या पाटीबद्दल, म्हणजे वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या पाटीबद्दल, मात्र तो फारसं काही सांगू शकत नाही. तिथे उपयोगी पडतं ते पाटी किती झपाट्याने मोठी होतेय याचं भान, आणि ते साध्या पडद्यावरही मिळतं.

उलट, लांबचं पाहण्यात हेडसेट अजून मागेच आहे. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० पिक्सेल ओळखू शकतो. प्लेस्टेशनच्या हेडसेटमध्ये २००० पिक्सेल सुमारे ११० अंशांवर पसरतात, म्हणजे अंशाला १८. एक मीटर रुंदीची पाटी १०० मीटरवरून नजरेचा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त भाग व्यापते. हेडसेट तिला रुंदीत दहा पिक्सेल देतो. २०० मीटरवर पाच. पाच पिक्सेलात आकडा वाचता येत नाही. टेबलावरचा २५६० पिक्सेल रुंदीचा मॉनिटर अंशाला ५५ पिक्सेल देतो. त्यामुळे काही कसलेले स्पर्धक आजही मॉनिटरच पसंत करतात, यात मला काही गैर वाटत नाही. त्यात आपल्याकडच्या मे महिन्यात तासाभराची शर्यत म्हणजे हेडसेटचा फोम घामाने भिजणार आणि भिंगांवर वाफ धरणार हे आलंच.

आणि मग गाडी लागण्याचा प्रश्न. वरंध घाटातल्या एसटीत मागे बसलेल्यांना गाडी लागते, ड्रायव्हरला लागत नाही. कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं, ते त्याच्याच हाताने घेतलं जातं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९७०च्या दशकात मांडलेली कल्पना अशी, की डोळे, कान आणि स्नायू यांच्याकडून येणारी खबर मेंदूच्या अपेक्षेशी जुळली नाही की मळमळ सुरू होते. हेडसेटमध्ये डोळे म्हणतात २०० किलोमीटर वेग, कान म्हणतो आपण खुर्चीत आहोत. पण स्टीअरिंग आपल्या हातात असल्याने निदान अपेक्षा तरी जुळते. म्हणूनच दुसऱ्याने चालवलेली लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, हेडसेट घालून पाहणं जास्त त्रासाचं, आणि गाडी गरकन फिरली की सगळ्यात वाईट. अशा वेळी अनुभवी खेळाडू सरळ डोळे मिटून घेतात. डोळ्यांसमोर स्थिर राहणारी गाडीची आतली चौकट, म्हणजे डॅशबोर्ड, खांब, छत, हाही मोठा आधार असतो.

एक सेटिंग मला विशेष महत्त्वाचं वाटतं: क्षितिज स्थिर ठेवण्याचं. बऱ्याच सिम्युलेटरांत ते असतं. ते बंद असलं की कॅमेरा गाडीच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट केल्यासारखा प्रत्येक खड्ड्याबरोबर हादरतो आणि सगळं जग थरथरतं. ‘खरेपणा हवा’ म्हणून पुष्कळ जण ते बंदच ठेवतात. पण खऱ्या गाडीत मान आणि डोळे मिळून हे हादरे गिळून टाकतात. ड्रायव्हरला गाडी हलताना दिसते, जग स्थिरच राहतं. म्हणजे क्षितिज स्थिर ठेवणारं चित्र हेच प्रत्यक्ष अनुभवाच्या जास्त जवळचं आहे.

कानाची तक्रार दूर करायला हलत्या खुर्च्या निघाल्या आहेत. खुर्ची मागे कलली की आंतरकर्णातल्या सूक्ष्म चुन्याच्या खड्यांना ते वेग वाढल्यासारखंच वाटतं. झुकणं आणि वेगवाढ यांतला फरक त्यांना एकट्याने कळत नाही. मात्र ३० अंश कललं तरी गुरुत्वाकर्षणाच्या निम्माच जोर मिळतो, आणि फॉर्म्युला वनची गाडी ब्रेक लावताना त्याच्या पाचपटीपर्यंत जाते. हेडसेट असला की आणखी एक गुंता होतो. खुर्ची कलली की हेडसेटमधल्या सेन्सरना वाटतं डोकं कललं, आणि दृश्य विनाकारण सरकतं. खुर्चीची हालचाल वेगळी मोजून ती वजा करणारं सॉफ्टवेअर त्यासाठी लागतं. ते नीट बसवलेलं नसेल, तर महागडी खुर्ची साध्या खुर्चीपेक्षा जास्त त्रास देते.

पहिल्यांदा हेडसेट घालणार असाल तर बंद छताची, साध्या रस्त्यावरची गाडी घ्या, ट्रॅक सपाट निवडा, समोर पंखा लावा आणि क्षितिज स्थिर ठेवा. कपाळावर थंड घाम आला किंवा तोंडाला पाणी सुटलं, की लॅप पुरी करायच्या फंदात न पडता लगेच थांबा. नेटाने खेळत राहिलात तर मळमळ तासन्‌तास टिकू शकते आणि पुढच्या वेळी हेडसेट हातात घेताच तिची आठवण होते. दहा मिनिटं आज, पंधरा उद्या, असं केल्याने पुष्कळ जणांना सवय होते. काहींना होत नाही, आणि त्यांच्यासाठी तीन मॉनिटर आहेतच. बारा वर्षांखालच्या मुलांना प्लेस्टेशनचा हेडसेट देऊ नये असं तो बनवणारी सोनी कंपनीच सांगते.