समाजवादाच्या आधीचा प्रश्न : माणूस घडतो कसा?

समाजवाद म्हटला की संप, लाल बावटा आणि मालकीचा वाद आठवतो. त्याच्या मुळाशी मात्र मनाविषयीचा प्रश्न आहे. माणसाचा स्वभाव उपजत असतो की तो घडतो? १६९० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने मनाला कोऱ्या कागदाची उपमा दिली. त्यावर लिहितो तो अनुभव. फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ हेल्व्हेशियसने १७५८ मध्ये हाच धागा पुढे नेला : बुद्धीतला फरकही शिक्षणाचा आणि परिस्थितीचा. त्याचं पुस्तक पॅरिसमध्ये जाळलं गेलं. माणूस परिस्थितीने घडतो हे एकदा मानलं, की गरिबाच्या व्यसनाचा दोष गरिबावर टाकता येत नाही.

ब्रिटनमधला गिरणीमालक आणि आद्य समाजवादी रॉबर्ट ओवेनने हा विचार थेट गिरणीत आणला. १८०० च्या सुरुवातीला त्याने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीचा कारभार हाती घेतला. तिथे अनाथालयांतून आणलेली शेकडो मुलं राबत होती. त्याने अशी मुलं आणणं थांबवलं, दहा वर्षांखालच्यांना कामावर घेणं बंद केलं आणि १८१६ मध्ये त्यांच्यासाठी शाळा उघडली. अमेरिकेचा कापूस अडला आणि गिरणी चार महिने बंद राहिली, तरी मजुरी पूर्ण दिली. शिक्षेऐवजी प्रत्येक कामगारापाशी चार रंगांचा लाकडी ठोकळा टांगलेला असे. काळी बाजू पुढे असली तर कालचं काम वाईट, पांढरी असली तर उत्तम. मारहाणीच्या त्या काळात हे फार माणुसकीचं होतं, हे मी मनापासून मानतो. पण ठोकळा फिरवणारा हात कामगाराचा नव्हता, हेही विसरता येत नाही.

फ्रेंच विचारवंत शार्ल फूरियेला तर माणूस बदलायचाच नव्हता. माणसाच्या वासना कायम राहणार, म्हणून कामच त्यांच्याजोगं करा, असं तो म्हणे. एकाच कामाचा कंटाळा येतो? मग दर तासा-दोन तासांनी काम बदला.

तरुण मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत तिसरी बाजू धरली. कामगाराने घडवलेली वस्तू आणि त्याचं कामही त्याला परकं होतं. मराठीत यालाच आपण परात्मता म्हणतो. ही हस्तलिखितं छापली गेली थेट १९३२ मध्ये. ती लिहिल्याच्या पुढच्याच वर्षी, १८४५ मध्ये, त्याने वहीत एक आक्षेप टिपला : परिस्थिती माणसाला घडवते हे खरं, पण परिस्थिती बदलणारीही माणसंच असतात, आणि शिकवणाऱ्यालाही आधी शिकावं लागतं. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८८८ मध्ये ही टिपणं छापली, तेव्हा या जागी उदाहरण म्हणून एक नाव स्वतःहून घातलं : रॉबर्ट ओवेन.