गोल्डफिल्ड्समधला सोनेशोध आणि जिवाची काळजी

हौशी माणसानं (किंवा अर्धवट धंदा म्हणून करणाऱ्यानं) मेटल डिटेक्टर, कुदळ आणि पाण्याचे कॅन गाडीत टाकून रानात जायचं आणि वरच्या मातीतलं सोनं हुडकायचं, याला ऑस्ट्रेलियात प्रॉस्पेक्टिंग म्हणतात. हे बऱ्याच राज्यांत चालतं, पण इथं आपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गोल्डफिल्ड्सचंच बोलू, कारण जीव सांभाळायचा प्रश्न तिथं सगळ्यात अवघड आहे. हे एक राज्यच महाराष्ट्राच्या आठपट मोठं. पर्थहून साधारण ६०० किलोमीटरवर कालगुर्ली, तिथून उत्तरेला मेन्झीज, लिओनोरा, मग लॅव्हर्टन, आणि पलीकडच्या अंगाला माउंट मॅग्नेट, क्यू, सँडस्टोन, मीकाथारा. गावं म्हणजे एक पेट्रोल पंप, एक पब, एक दुकान, आणि दोन गावांच्या मध्ये शंभर-शंभर किलोमीटर लाल माती नि मल्गाची झाडं. सोनं मात्र खरंच आहे, तेही पुष्कळदा हातभर खोलीवर, आणि म्हणून तर लोक जातात.

कागदपत्रांचं एवढंच की मायनर्स राइट नावाचा परवाना काढावा लागतो, एकदा फी भरली की तो कायमचा. तेवढ्यावर कुठंही खणता येतं असं मात्र नाही. दुसऱ्याच्या नावावरच्या खाणपट्ट्यात परवानगी लागते, एक्स्प्लोरेशन लायसन्सच्या (खनिज शोधायच्या परवान्यावर दिलेल्या) जमिनीवर वेगळं परमिट लागतं, ॲबोरिजिनल म्हणजे मूळ रहिवाशांच्या वारशाच्या जागांना हात लावायचा नाही आणि स्टेशनवाल्याला आधी कळवायचं. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, मेंढ्या-गुरांची अवाढव्य वाडी, एकेक आपल्या तालुक्याएवढी. हा कायद्याचा भाग लोक कंटाळवाणा समजतात पण स्टेशनवाल्याला कळवण्याचा खरा फायदा वेगळाच आहे, की दोनशे किलोमीटरच्या टापूत तुम्ही आहात हे निदान एका माणसाला माहीत असतं, आणि कुठला बोअर चालू आहे, कुठला रस्ता पावसानं गेलाय हेही त्यालाच माहीत असतं.

तहानेचा इतिहास

१८९२ मध्ये बेली आणि फोर्ड या दोघांना कालगुर्लीजवळच्या कूलगार्डीला सोनं मिळालं, १८९३ च्या जूनमध्ये हॅनन, फ्लॅनगन आणि शे यांना कालगुर्लीला, आणि मग जगभरातून माणसं धावली. सोनं होतं, पाणी नव्हतं. नदी नाही, विहिरीला लागतं ते समुद्राहून खारट. त्यामुळे तिथं पाण्यात माती धुऊन सोनं काढायची नेहमीची रीत चाललीच नाही, लोकांनी वाऱ्यावर माती उपणायला सुरुवात केली. आपल्याकडे खळ्यावर धान्य उपणतात ना, हुबेहूब तेच, एका थाळीतून दुसऱ्या थाळीत माती ओतायची, वारा धूळ घेऊन जातो, जड ते खाली राहतं. याला ड्रायब्लोइंग म्हणतात, आणि वारा नसला की भात्याचं यंत्र. दिवसभर ती धूळ छातीत.

प्यायचं पाणी म्हणजे खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून मिळवलेलं, आणि ते विकत. १८९३ मध्येच कूलगार्डीच्या वायव्येला सायबेरिया नावाच्या जागी सोनं सापडल्याची बातमी आली, माणसं होती तशी पळाली आणि वाटेतच कित्येक जण तहानेनं मेले. पुढं पर्थजवळच्या मंडारिंगहून साधारण ५६० किलोमीटर पाइपलाइन टाकून १९०३ च्या जानेवारीत कालगुर्लीला पाणी आलं, पण ज्या सी. वाय. ओकॉनर या इंजिनियरनं ती आखली त्यानं टीकेला कंटाळून त्याआधीच, १९०२ च्या मार्चमध्ये, स्वतःला गोळी घालून घेतली होती.

तोवर पाणी आणि शिधा उंटांवरून जायचा. उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळेच होते, आणि उंट नि माणसं १८६० च्या दशकापासून कराचीहून जहाजानं येत होती. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, हे आपल्या लक्षात राहत नाही.

ज्यांना पाणी खरोखर माहीत होतं ते तिथले मूळ रहिवासी. खडकातल्या खोलगट रांजणासारख्या खळग्यांत पाणी साठतं, त्यांना नामा होल म्हणतात, काहींवर दगड झाकून ठेवलेला असायचा म्हणजे पाणी आटत नाही नि जनावर पडत नाही. डेव्हिड कार्नेगी हा सोनं शोधणारा १८९६ मध्ये वाळवंटात मोहीम घेऊन गेला, तेव्हा त्यानं ॲबोरिजिनल माणसं पकडून, बांधून ठेवून त्यांना पाणी दाखवायला लावलं. असे खळगे आज दिसले तर त्यात हात धुवायचे नाहीत, कुत्रं सोडायचं नाही, तिथं मुक्काम ठोकायचा नाही.

माणूस हरवतो कसा

बाहेरच्याला वाटतं की आउटबॅकमध्ये, म्हणजे त्या आतल्या ओसाड मुलखात, साप मारतात. खरं तर गाडीपासून आठशे मीटरवर हरवणं हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात घातक अपघात आहे, आणि सोनं शोधणाऱ्याला तो जरा जास्तच होतो, त्याचं कारण त्या कामातच आहे.

बघा कसं होतं ते. सकाळी आठला गाडी लावली, डिटेक्टर अंगावर चढवला, कानाला हेडफोन. मान खाली, कॉइल (डिटेक्टरच्या टोकाची तबकडी) जमिनीलगत डावीउजवीकडे फिरवत चाललाय. हेडफोनमध्ये एकसुरी गुणगुण असते, ती मध्येच थोडी वर चढते. थांबायचं, बुटानं वरची माती सरकवायची, परत कॉइल फिरवायची, आवाज आहे का, आहे, मग कुदळीनं चार बोटं उकरायचं, माती प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये घ्यायची, अर्धी टाकायची, राहिलेली कॉइलवरून फिरवायची, परत अर्धी. शेवटी तळहातावर येतो गंजलेला खिळा. किंवा बंदुकीची गोळी, किंवा लोखंडी खडकाचा काळा खडा, ज्याला तिथं हॉट रॉक म्हणतात आणि जो सोन्यासारखाच आवाज देतो. दहा पावलांवर दुसरा आवाज. मग डावीकडे. मग ओहोळाच्या पलीकडे. एक वाळूएवढा पिवळा कण मिळाला की संपलंच, त्याच्याभोवती तास निघून जातो. आता मान वर केली तर सूर्य डोक्यावर, सावली पायाशी, आणि चारी बाजूंना तीन-चार मीटर उंचीची मल्गाची झाडं, सगळी सारखी. डोंगर नाही, देऊळ नाही, मनोरा नाही. पाण्याची बाटली गाडीतच राहिलीय कारण 'इथंच तर होतो'. कुणी हाक मारली असती तरी हेडफोनमध्ये ऐकू आली नसती.

म्हणून जुने लोक गाडीचं दार बंद करायच्या आधी जीपीएसमध्ये गाडीचा पॉइंट सेव्ह करतात, थोडं पुढं गेल्यावर नव्हे तर चालायला लागायच्या आत, हा फरक ऐकायला येडपट वाटतो पण चालायला लागल्यावर कोणालाच आठवत नाही. जीपीएस दोन असावेत, एक फोनमधला नि एक हातातला, बॅटऱ्या वेगळ्या. होकायंत्र जवळ असावंच, पण त्या भागात लोखंडाचे थर भरपूर, तेव्हा खडकाजवळ सुई जरा फसवते. काही जण गाडीच्या टपावर उंच काठी लावून तिला भडक फडकं बांधतात. दोघं असतील तर ठरलेल्या वेळी एकमेकांशी बोलायचंच, सोनं मिळत असलं तरी.

हरवलंच तर नियम एकच, थांबायचं, सावली धरायची. गाडी सापडलेली असेल पण बंद पडली असेल तर गाडी सोडायची नाही, विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लॅव्हर्टनच्या पूर्वेला उंटाच्या मागे शिकारीला निघालेला एक साठीतला माणूस पाण्याशिवाय चुकला, सहा दिवस झाडाखाली काळ्या मुंग्या खाऊन राहिला, आणि पोलिसांच्या माग काढणाऱ्यांना पावलांच्या खुणांवरून जिवंत सापडला. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. हॅरल्ड लॅसेटर १९३० मध्ये मध्य ऑस्ट्रेलियात सोन्याचा मोठा थर शोधायला गेला, त्याचे उंट शिधासकट उधळले, पुढच्या जानेवारीत त्यानं एका गुहेतून दोन लिटरपेक्षाही कमी पाणी घेऊन काटा त्जुटा या खडकाळ डोंगराकडे १४० किलोमीटर चालायला सुरुवात केली. तो पोचला नाही. त्याचा तो थर अजून कोणाला सापडलेला नाही, आणि तरी लोक शोधतातच.

पाणी, गाडी, संपर्क

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला निदान ५ लिटर, उन्हाळ्यात १० धरावा, आणि वर चार-पाच दिवसांचं जादा. सगळं एकाच टाकीत ठेवणं हा शुद्ध वेडेपणा, टाकीला दगड लागला की संपलं, म्हणून वेगवेगळे कॅन. शहाणे लोक एप्रिल ते सप्टेंबर एवढंच जातात, कारण डिसेंबर-जानेवारीत पारा चाळिशीच्या पुढं जातो, आणि जुलैत उलट रात्री इतकी थंडी की चांगली रजई लागते. हे आपल्या उलट ऋतूंचं गणित भारतातून गेलेले लोक विसरतात, दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी मिळाली म्हणून निघतात, आणि तो नेमका चुकीचा काळ असतो. उष्माघाताची खूण सांगायची तर घाम, डोकेदुखी, मळमळ इथपर्यंत सावली नि पाण्यानं भागतं, पण माणूस असंबद्ध बोलायला लागला की ताबडतोब अंग ओलं करून वारा घालायचा आणि मदत मागवायची.

गाडीला दोन स्टेपन्या, कारण मल्गाचे सुकलेले बुंधे टायरच्या कडेला भोसकतात. स्पिनिफेक्स गवतातून चालवलं की त्याचं बी-काडी गाडीच्या पोटाखाली एक्झॉस्टजवळ साठतं आणि पेटतं, दर काही किलोमीटरला उतरून ते काढावं लागतं, आळस केला की गाडीच जाते. पाऊस पडला तर कच्चे रस्ते बंद करतात. मिठाची तळी वरून कोरडी दिसतात, खाली चिखल. संध्याकाळनंतर चालवू नका, कांगारू उडी मारून समोर येतो, आणि रोड ट्रेन (मागे डबे जोडलेला, पन्नास मीटरहून जास्त लांबीचा ट्रक) समोरून आली तर ती थांबू शकत नाही, बाजूला आपणच व्हायचं.

मोबाइल गावाबाहेर पडला की मेला समजा. गाडीत यूएचएफ रेडिओ असतो, त्यात ४० नंबरच्या चॅनलवर ट्रकवाले बोलतात, ५ नंबर इमर्जन्सीचा, पण तो थोड्याच किलोमीटरपुरता. खरा आधार पीएलबी म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, काड्यापेटीपेक्षा जरा मोठी वस्तू, बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला सिग्नल जातो आणि निदान २४ तास जात राहतो. तो ऑस्ट्रेलियन मेरीटाइम सेफ्टी ऑथॉरिटीकडे फुकट नोंदवतात. नाव समुद्राचं आहे पण वाळवंटातला सिग्नलही तिच्याच सेंटरला मिळतो. बीकन कंबरेला असावा. गाडीच्या ड्रॉवरमधला बीकन हरवलेल्या माणसाच्या काय कामाचा? सॅटेलाइट फोन किंवा मेसेज करणारं यंत्र असेल तर उत्तमच, कारण बीकन फक्त 'वाचवा' म्हणतो, टायर फुटलाय की पाय मोडलाय हे सांगत नाही. आजारी माणसाला उचलायला रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान स्टेशनच्या धावपट्टीवर उतरतं, ही सेवा १९२८ पासून आहे. आणि घरी कुणाकडे तरी लिहून ठेवायचं, कुठं जातोय, कधी परत, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर पोलिसांना सांगायचं.

जमिनीतली भोकं

सव्वाशे वर्षांत खणलेल्या शाफ्ट, म्हणजे खाणींच्या उभ्या विहिरी, तशाच उघड्या पडल्यात, सरकारी मोजणीत जुन्या खाणकामाच्या लाखाहून जास्त खुणा नोंदल्यात. काहींच्या तोंडावर झुडूप, काहींवर कुजलेल्या फळ्या नि वर माती. तोंडाची कड आतून पोखरलेली असते त्यामुळे डोकावायला गेलेला माणूस कडेसकट आत जातो. जुन्या शाफ्टभोवती सोनं असण्याची शक्यता जास्त, म्हणून शोधणारा नेमका तिथंच घुटमळतो, हीच तर गोम आहे. डिटेक्टर लावून मागे-मागे चालायचं नाही, रात्री कॅम्पमधून टॉर्चशिवाय लघवीला जायचं नाही. आत उतरायचं तर नाहीच, तळाला हवा खराब असते. जुन्या कॅम्पात सुरुंग उडवायचे डिटोनेटर सापडतात, हात लावू नये. खडक दळायच्या जुन्या गिरण्यांजवळच्या बारीक वाळूच्या ढिगांत पारा नि सायनाइडचा अंश असू शकतो, तिथं जेवायला बसू नये. एवढ्या कोरड्या मुलखात पाण्यानं खाण भरते हे खरं वाटत नाही, पण १९०७ मध्ये कूलगार्डीजवळच्या बॉनीव्हेलला वादळी पावसानं खाण भरली नि मोदेस्तो वारिस्केती हा इटालियन मजूर आत अडकला. नऊ दिवसांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांनी त्याला बाहेर काढलं.

साप आणि कुत्रा

साप आहेत, मल्गा स्नेक, ग्वार्डर वगैरे, विषारीच. पण ऑस्ट्रेलियात सर्पदंशानं वर्षाला दोन-तीनच माणसं जातात, भारतात हजारोंनी. जाड बूट, पायाला गेटर्स (नडगीवरचं जाड आवरण), आणि लाकूड उचलताना आधी काठीनं हलवणं एवढ्यानं बरंच भागतं. चावलाच तर तिथली पद्धत अशी की जखम धुवायची नाही (विष ओळखायला तोच डाग कामी येतो), कापायचं-चोखायचं नाही, रुंद इलॅस्टिक बँडेज आधी दंशावर आणि मग बोटांपासून वरपर्यंत सगळ्या पायाला, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढं घट्ट, वर काठीचा आधार बांधायचा, दंशाची जागा पेनानं दाखवायची आणि माणसानं एक पाऊलही चालायचं नाही. विष लसिकेतून सरकतं, स्नायू हलले की पुढं जातं. ही रीत स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी बसवली. आपल्याकडे भारतात घोणस-फुरसं चावल्यावर मात्र ती वापरू नका, त्यांचं विष जागेवरच मांस सडवतं, आवळून ते वाढतं.

सोबत कुत्रा नेणारे बरेच असतात. स्टेशनवाले डिंगोंसाठी (तिथले रानकुत्रे) १०८० नावाचं विष घातलेलं मांस टाकतात. हे द्रव्य तिथल्या काही झुडपांत मुळातच असतं म्हणून स्थानिक प्राणी बऱ्यापैकी पचवतात, कुत्रा मात्र मरतो नि त्यावर उतारा नाही. फाटकावर इशाऱ्याची पाटी असते, पण वारा, घार, कावळा ते तुकडे कुठंही नेऊन टाकतात, म्हणून पाटी दिसो न दिसो, गाडीतून उतरवायच्या आधी कुत्र्याच्या तोंडाला जाळी बांधतात.