नव्या टँकमधले मासे का मरतात?

नव्या फिश टँकमधला मासा चौथ्या-पाचव्या दिवशी उलटा तरंगताना दिसला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." एकामागोमाग सहाही मासे गेले तर घरावर नेमकी किती संकटं होती म्हणायची? ज्यांचा यावर विश्वास नाही ते क्लोरीनला दोष देतात. सोलापुरात तेही फारसं पटत नाही. इथे नळाला रोज पाणी नसतं, साठवूनच वापरावं लागतं, आणि उघड्या पिंपातला क्लोरीन एक-दोन दिवसांत उडून जातो.

खरं विष मासा स्वतःच सोडतो. शरीरातला टाकाऊ नत्र आपण युरिया करून लघवीवाटे टाकतो; मासा तो बहुतांश अमोनियाच्या रूपात कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो. कुजणारं उरलेलं खाद्य त्यात भर घालतं. पाणी दिसायला नितळच असतं.

गंमत पुढे आहे. पाण्यात हा अमोनिया दोन रूपांत असतो: विद्युतभार नसलेला अमोनिया आणि हायड्रोजनचा आयन चिकटून धनभारित झालेला अमोनियम. अमोनियमला कल्ल्याच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरता येत नाही. भार नसलेला अमोनिया मात्र सरळ रक्तात उतरतो. कुणाचं प्रमाण किती, हे पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क याचं माप) ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का अमोनिया घातक रूपात असतो. सामू ८ झाला की ५ टक्क्यांच्या वर, ८.५ ला १५ टक्क्यांच्या आसपास. सामू एकने वाढतो तेव्हा हायड्रोजन आयन दहापटीने घटतात, अमोनियाला चिकटायला ते उरत नाहीत. पाणी तापलं की प्रमाण आणखी चढतं: सामू ८ वरच ३० अंशांना साडेसात टक्के. आणि आपला मे महिना चाळिशी ओलांडणारा.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून येणारं, नळाच्या तोटीवर पांढरा थर धरवणारं बोअरचं पाणी बहुधा आठच्या आसपासच असतं. म्हणून टेस्ट किटवर एकूण अमोनियाचा तोच आकडा सामू ७ च्या टँकमध्ये निभावून जातो, इथे मासे मारतो. याच पाण्याचा फायदाही आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं फार कमी विषारी नायट्रेट करतात; अमोनियातल्या १ ग्रॅम नत्रामागे ते सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजे पाण्याची सामू टिकवून धरायची ताकद, खातात. मऊ पाण्यात ती संपून सामू कोसळतो. बोअरच्या पाण्यात तिचा साठा भरपूर.

हे जिवाणू म्हणजे अमोनियाचं नायट्राइट (हेही विषारीच) करणारा नायट्रोसोमोनास वगैरे, आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारा नायट्रोस्पिरा. ही दोन्ही कामं एकट्याने उरकणारा नायट्रोस्पिराचा एक प्रकार २०१५ मध्ये सापडला, तोही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच; फिल्टरच्या स्पंजवर त्यांचं बस्तान बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. "आज टँक, आजच मासे" म्हणत खपवल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. निरोगी जुन्या टँकमधला स्पंजाचा ओला तुकडा मिळाला तर तो कितीतरी सरस. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, उगाच ओतू नका. त्याने हे जिवाणूही मरू शकतात.

तोवर दोन-तीन गप्पी पुरेत, आणि खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की पाव भाग पाणी बदला. दोन्ही आठवडाभर शून्यावर राहिले की पुढचे मासे आणा.